प्रमुख उपस्थिती

आमच्या डेस्कवर शिरड शहापूरहून कार्यक्रमाचा फोटो आला की आधी माणसं मोजतात, मग हात मोजतात आणि सवड उरली तर बातमी वाचतात. हात कमी भरले तर कुणी काही म्हणत नाही. मागच्या रांगेतल्यांचे हात तसेही दिसत नसतात. जास्त भरले की फोन लावायचा.

"मामा, चेअरमनच्या खांद्यावर हा हात कुणाचा? मागं तर कुणीच उभं नाही."

"कोन्ता? घड्याळवाला का?"

"हो, घड्याळवाला."

"तो पीएचा हाय सर. चेअरमन काही कार्यक्रमाला आले नव्हते, म्हनून त्यांना मागच्या सत्कारातून उचललं. तिथं पीएनं त्यांच्या खांद्यावर हात ठिवला होता. चेअरमनसंगं तो बी आला."

"मग काढा ना तो."

"काढतो की. पन पीएला कामून नाराज करायचं, म्हनून इचार करायलो होतो."

हे आमचे फोटोमामा. हिंगोली जिल्ह्यात वसमतहून औंढ्याकडे निघालं की वाटेत शिरड शहापूर लागतं. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे तिथे बाहेरगावच्या गाड्या थांबतात. मात्र म्हणून कुणी तिथे उतरून मामांचं दुकान शोधायला जाऊ नये. सापडणार नाही. असा एक मामा जवळ्याला आहे, एक औंढ्याला, एक कळमनुरीच्या स्टँडसमोर. मी त्यांतले चार-पाच उचलून, एकाची टोपी, दुसऱ्याचं दुकान, तिसऱ्याची जीभ असं जुळवून हा एक उभा केला आहे. जोड दिसू नये एवढी खबरदारी घेतली आहे, तरी कुठे जास्तीचा हात दिसला तर वाचकांनी फोन करावा.

दुकानावरची पाटी मामांनीच छापलेली आहे: फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विमा, आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात 'बातम्या व जाहिराती स्वीकारल्या जातील'. कमाईचा क्रमही तोच आहे. काउंटरच्या काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने लावलेत. ते निरखून पाहिले तर ध्यानात येतं, की गावातल्या झाडून साऱ्या पोरांच्या अंगात एकच कोट आहे. निळा, बारीक रेघांचा, लाल टाय लावलेला. पूर्वी हा कोट खिळ्याला टांगलेला असे. त्याला फक्त पुढचीच बाजू होती, मागे नाड्या. पोलीस भरतीचा पोरगा असो की बँकेच्या परीक्षेचा, त्यात हात घालायचा आणि श्वास रोखून बसायचं. आता तोच कोट कॉम्प्युटरात आहे. गळ्यापासून वर मुंडकं तेवढं बदलतं. एका परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षकाने ओळीने पाच प्रवेशपत्रं पाहिली आणि विचारलं, तुम्ही एकाच संस्थेचे का? पोरं म्हणाली, नाही सर, एकाच मामाचे.

मामांची विद्या मात्र कॉम्प्युटरच्या फार आधीची. ते कलाकार माणूस, हे कुणीही कबूल करावं. निगेटिव्हच्या जमान्यात त्यांनी परभणीच्या एका स्टुडिओत उमेदवारी केली. तिथे त्यांच्या हातात कॅमेरा द्यायच्या आधी पेन्सिल दिली. काचेच्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि टोकदार शिशाने चेहऱ्यावरच्या देवीच्या वणात ठिपका ठिपका भरत जायचं. निगेटिव्हवर जिथे काळं होतं, तिथे कागदावर उजळ येतं. "जगात येवढा एकच धंदा असा सर," मामा सांगतात, "का काळं फासलं तर मानूस गोरा होतो. पेपरात उलटं हाय."

या विद्येचं मामांनी केलेलं सगळ्यात मोठं काम कुठल्याच पेपरात आलेलं नाही. शिवारातली एक म्हातारी पदराच्या गाठीत बांधलेला एक फोटो घेऊन आली होती. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडासाच मोठा, शाळेच्या का कुठल्या नोकरीच्या अर्जावरून खरवडून काढलेला. मागे वाळलेल्या डिंकाचा तपकिरी पापुद्रा होता. फोटोत बाविशीतला तरणा गडी. तिचा नवरा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विहिरीच्या कामावर गेला, तो गेलाच. दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. नातवाचं लग्न ठरलं, भिंतीवर आजा-आजीची जोडी पाहिजे. मामांनी म्हातारीचा फोटो काढला, शेजारी गडी बसवला, रंग भरला आणि तिला दाखवला. म्हातारीने तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "बाबा, ह्यो तर माझा नातू दिसायला. लोक काय म्हनतील?"

मग मामांनी गड्याला म्हातारा केला. दोन दिवस लागले. कानशिलावर पांढरं आणलं, कपाळावर आठ्या घातल्या, गाल आत घेतले. मिशा ठेवायच्या की नाहीत यावर म्हातारीचं आणि मामांचं वाजलं, कारण तरणेपणी मिशी होती, पण म्हातारपणी त्याने ठेवली असती का? म्हातारी बराच वेळ विचार करून म्हणाली, ठेवली असती, पण पांढरी झाल्यावर बारीक केली असती. आयुष्यात जे घडलंच नाही त्याचा तो फोटो आज एका घराच्या भिंतीवर आहे, दर पोळ्याला त्याला हार पडतो, आणि त्याला खोटा म्हणायची माझी तरी छाती नाही. मामांचा सगळा घोळ इथून सुरू होतो. जे म्हातारीसाठी केलं ते चेअरमनसाठी का करू नये, हे त्यांना आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही.

ते वार्ताहर झाले ते ओघाने. कॅमेरा त्यांच्याकडे, सगळ्या कार्यक्रमांना तेच, मग बातमी आणखी कोण पाठवणार? गावच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन असलंच तर नावाला. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची: वाढदिवस, निवड, दिवाळी, वर्धापन दिनाची पुरवणी. म्हणजे ज्याची बातमी लिहायची तोच जाहिरात देणारा. त्याला उद्घाटनाला यायला जमलं नाही आणि फोटोतही दिसला नाही, तर पुरवणीचं अर्धं पान गेलं म्हणून समजा. शहरातल्या संपादकांनी नीतीवर अग्रलेख लिहायला हरकत नाही, पण मामांच्या दुकानाचं वीजबिल कुठून भरलं जातं हे आधी पाहावं. मी अग्रलेख लिहीत नाही, मी हात मोजतो, म्हणून हे बोलू शकतो.

मामांना नीती नाही असं मात्र मुळीच नाही. उलट त्यांच्याइतका सोवळा माणूस मी पाहिला नाही. फोटोत माणूस वाढवायचा, काढायचा नाही, हा त्यांचा पहिला दंडक. एका पुढाऱ्याने निवडणुकीनंतर फुटून गेलेल्या सहकाऱ्याला जुन्या फोटोतून काढून द्या म्हटलं, दुप्पट पैसे देतो म्हटलं. मामा हटले नाहीत. "जेवायला बसल्याला उठवत नसतेत," म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की रशियात स्टालिनने हेच केलं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर त्याच्या शेजारून चालणारा येझोव्ह हा पोलिसांचा प्रमुख आधी गोळी घालून संपवला, मग फोटोतून पुसला. तिथे पाणी रंगवलं. मामांनी दोन गोष्टी विचारल्या. पाण्यावरच्या लाटा जुळल्या का? आणि रंगवणाऱ्याला पैसे मिळाले का?

मामांशी या विषयावर वाद घालायचा म्हणजे हे असं होतं. आपण नीतीवर बोलायला जातो, ते कारागिरीवर आणून सोडतात. त्यांच्या लेखी पाप एकच: जोड दिसणं.

एका दुपारी त्यांच्या दुकानात वीज गेली. मी ती संधी साधून त्यांना जगभरातले दाखले दिले. इराक युद्धात, २००३ मध्ये, लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्कीने बसऱ्याजवळ काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो जोडून एक केला. हात वर केलेला ब्रिटिश सैनिक एकातला, मूल उचलून घेतलेला माणूस दुसऱ्यातला. मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा आली आणि तो पकडला गेला. पेपराने त्याला तडक नोकरीवरून काढून टाकला.

"दोन्ही फोटो त्यानंच काढल्याले?"

"हो."

"दोन्ही जागचेच?"

"हो."

"आन् तरी काढला? मंग आमचे चेअरमन तर येगळ्या तालुक्यातून आनल्याले हायेत."

बैरूतच्या धुराची गोष्ट सांगितली. २००६ मध्ये रॉयटर्सच्या एका छायाचित्रकाराने बॉम्बहल्ल्यानंतरचा धूर जास्त दाट केला, एकच लोट छापा मारल्यासारखा पुन्हा पुन्हा उमटवला. रॉयटर्सने त्याचे ९२० फोटो आपल्या संग्रहातून मागे घेतले. मामा कळवळले. धुरासाठी नाही, ९२० साठी. नॅशनल जिऑग्राफिकने १९८२ च्या फेब्रुवारीच्या अंकात उभ्या मुखपृष्ठावर आडवा फोटो मावावा म्हणून इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले, हे ऐकून मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पिरॅमिड सरकवले? येवढाले?" त्यांच्या चेहऱ्यावर गुरुबंधू भेटल्याचा आनंद होता. मामांनी आजवर सरकवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. ती भूमिपूजनाच्या फोटोत सभापतींच्या डोक्यावर शिंगासारखी येत होती.

मुंबईचं उदाहरण दिलं तर जवळचं वाटेल, म्हणून विल्यम जॉन्सनची गोष्ट काढली. या साहेबाने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं स्टुडिओत बसवून टिपायची आणि मागे मुंबईतला देखावा वेगळा जोडायचा. म्हणजे मागचा पडदा बदलण्याचा हा उद्योग मुंबईत दीडशे वर्षांहून जुना. मामा म्हणाले, "बघा. आन् तुमी मला ईस वर्सांपासून बोलायलात."

परवाच्या काळातलेही दाखले झाले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईचा पूर विमानातून पाहणाऱ्या पंतप्रधानांचा फोटो केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने टाकला. त्यात खिडकीतून दिसणारी पाण्यातली घरं स्वच्छ आणि ठळक होती. ती वेगळी चिकटवलेली होती. बोंब झाल्यावर कार्यालयाने तो मागे घेतला आणि दोन फोटो एकत्र केल्याचं सांगितलं. मामांनी मोबाइलवर तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. "काचेवर धूळ कुठंय? इमान हाय म्हनून काय धूळ नसती का?" मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या युवराज्ञी केटचा मुलांसोबतचा मातृदिनाचा फोटो एपी, रॉयटर्स, एएफपी या मोठ्या वृत्तसंस्थांनी आधी जगभर पाठवला, मग वापरू नका म्हणून कळवलं. मामांनी राजकन्येच्या बाहीवर बोट ठेवलं. "इथं मास्किंग कच्चं हाय. कुन्या शिकाऊ पोरानं केलं?" मी सांगितलं, स्वतः राजघराण्यातल्या बाईंनीच केलं असं त्या म्हणाल्या, माफीही मागितली. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मंग ठीक हाय. घरच्या घरी शिकल्याल्या बाईच्या मानानं बरं हाय."

त्या दुपारी त्यांना एकाच फोटोने गप्प केलं. मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगीर मुलींना पोलिसांनी पकडून बसमध्ये घातलं. विनेश आणि संगीता फोगाट यांनी त्या बसमधला फोटो काढला, त्यात सगळ्यांचे चेहरे गंभीर. कुणीतरी ॲपमधून त्या चेहऱ्यांवर हसू लावलं, गालावर खळ्यासुद्धा आणल्या, आणि तुरुंगात जाताना कशा हसताहेत म्हणून तो फोटो फिरवला. मामांच्या मोबाइलमध्ये तेच ॲप होतं. नवरीच्या बहिणी रुसलेल्या असल्या की अल्बमसाठी ते वापरतात. त्यांनी फोटो पाहिला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "रडत्याला हासवनं हे आपलं काम नाही." वीज आली तेव्हा पंखा सुरू करायलासुद्धा ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वृक्षारोपणाचा फोटो आला.

वृक्षारोपणावर एक परिच्छेद खर्च करायलाच हवा. पाच जूनला दर वर्षी एकाच खड्ड्यात झाड लावलं जातं, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे. मामांचं म्हणणं, खड्डाच तो असेल तर फोटो तरी दर वर्षी कशाला काढायचा? तेवढंच पाणी वाचतं. ते बॅनरवरचं साल आणि पाहुणे बदलतात. कडुलिंबाचं रोप तेच, झारी तीच, झारीतून पडणारी धारही तीच, गेले कित्येक पावसाळे जमिनीपासून वीतभर वर थांबलेली. एका साली डेस्कवरच्या पोरीने विचारलं, की मागच्या वर्षीच्या रोपाला यंदा एक पान कमी कसं? मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की पान नव्या उपसभापतींच्या कोपराखाली गेलं.

आपल्या बचावासाठी मामांकडे ब्रह्मास्त्र आहे आणि ते औंढ्याचं आहे. नामदेवांना नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करू देईनात, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही औंढ्यालाच. "भक्तासाठी देवानं अख्खं देऊळ फिरवलं," मामा हात जोडून म्हणतात, "आन् म्या एक सरपंच डावीकडचा उजवीकडं घेतला तर तुमी मला फोन करतात."

बरेच दिवस मला यावर उत्तर सुचत नव्हतं. मग सुचलं.

"देऊळ फिरलं मामा, पण नंदी नाही फिरला. तो अजून मागंच आहे."

"मंग?"

"नंदी जिथल्या तिथं राहिला म्हणून तर देऊळ फिरलं हे लोकांना कळतं. तोही फिरला असता तर कुणी मानलं असतं? तुम्ही फोटो फिरवता तेव्हा नंदी ठेवता का कुठं? खाली दोन शब्द तरी लिहिता का, की फोटो जुळवलेला आहे?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, लागला बाण. ते म्हणाले, "म्हंजे नंदी मास्किंगमधून सुटला म्हना की."

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होते आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात असलेलं ते यंत्र अवकाशात कुठे दोन कृष्णविवरं आदळली तर त्याने झालेली हालचाल मोजणार, आणि ती हालचाल प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी बारीक असली तरी. मी मामांना म्हटलं, आता जपून राहा, सरपंच चार फूट सरकवलेला या यंत्राला लगेच कळेल. मामांनी त्याचा अभ्यास आधीच केलेला होता. गावच्या स्वागताचा फ्लेक्स त्यांनीच छापला असणार. "त्याला हालल्यालं कळतं सर," ते म्हणाले, "हालवल्यालं नाही कळत."

पण जमीन खरोखर हालली तेव्हा मामांची पंचाईत झाली.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी या भागात धक्का बसला. ४.५ तीव्रतेचा, केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याकडे. त्याच वर्षी मार्चमध्येही बसला होता. भांडी पडली, पत्रे थरथरले, लोक बाहेर आले, आणि बाहेर आलेच आहोत तर म्हणून चहाला गेले. आठ वाजता डेस्कवरून प्रत्येक गावाला एकच निरोप: फोटो पाठवा. आता पडलेलं काहीच नसताना भूकंपाचा फोटो काढायचा कसा? चहा पिणाऱ्या लोकांचा काढला तर तो भूकंपाचा दिसत नाही. मामांकडे गेल्या पावसाळ्यात ढासळलेल्या एका मातीच्या भिंतीचा उत्तम फोटो होता. तो त्यांनी पाठवला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. "त्या दिवसाचा नाही तो," म्हणाले. ते गल्लोगल्ली फिरले आणि एका घरात भिंतीला ताजी भेग सापडली. केसाएवढी. मोबाइलमध्ये दिसेचना. मग त्यांनी ती जराशी गडद केली. नवीन काही जोडलं नाही, काही काढलं नाही. होतं तेच, फक्त ठळक.

अमेरिकेत टाइम साप्ताहिकाने १९९४ च्या जूनमध्ये ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापताना असाच फक्त गडद केला होता. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जसाच्या तसा छापला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी लागले आणि काळ्या माणसाला आणखी काळा करून आधीच गुन्हेगार ठरवल्याबद्दल टाइमवर टीकेचा भडिमार झाला. गडद करण्यात आपण काही घालत नाही असं करणाऱ्याला वाटतं, आणि पाहणाऱ्याच्या मनात मात्र बरंच काही घातलं जातं.

मामांचा फोटो जिल्ह्याच्या पानावर तीन कॉलम लागला. दुसऱ्या दिवशी तलाठी पेपर घेऊन त्या घरी.

"भेग कुठंय?"

"ही काय."

"ही? पेपरातल्या भेगेतून शेळी आरपार जाईल."

घरमालक पेपराकडे पाही, भिंतीकडे पाही. त्याला भिंतच खोटी वाटू लागली. ही बातमी गावात पसरली आणि दुपारपर्यंत मामांच्या दुकानासमोर रांग लागली. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आपापली भिंत. कुणाची भेग दहा वर्षांची, कुणाची गिलाव्याची, एकाची तर भिंतीवर चढलेली मुंग्यांची रांग होती. सगळ्यांचं मागणं एकच: मामा, जरा ठळक करा. मामा प्रत्येकाला सांगत होते, की हे पेपरचं काम आहे, सरकारी कामाचा फोटो मी करत नाही. कुणी ऐकेना. एकाने तर झेरॉक्सच्या दरात करून मागितलं.

त्या रांगेत सगळ्यात मागे एक माणूस उभा होता. त्याच्या न्हाणीघराची भिंत खरंच तडकली होती, बोट जाईल एवढी. तो काही ठळक करायला आला नव्हता. त्याने तलाठ्याला फोटो दाखवला, तर तलाठी म्हणाले, मामांकडचा दिसतोय. तो मामांकडून लिहून घ्यायला आला होता, की हा फोटो मी केलेला नाही. मामांनी बाहेर येऊन पाहिलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्यासोबत तलाठ्याकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर काही महिने शिरड शहापूरच्या फोटोंत माणसं आणि हात यांचा हिशेब चोख लागत होता. आम्ही डेस्कवर हळहळलो. पुरवणीच्या जाहिराती घटल्या, जाहिरात विभागाने मामांना खडसावलं, आणि चेअरमन हळूहळू परत यायला लागले.

मध्यंतरी मी स्वतः शिरड शहापूरला एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेलो. सरपंचांच्या उजव्या हाताला उभा राहिलो, नारळ घेतला, शाल घेतली. मामांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर फोटोत मी नाही. सरपंच आहेत, त्यांच्या उजवीकडे एकदम भिंत. डेस्कवर विचारलं. पोरगी म्हणाली, "सर, त्यात तुम्ही इतके चिकटवल्यासारखे दिसत होता. डोळे मिटलेले, एक हात अर्धा कापलेला, सावली दुसरीकडे. आम्हाला वाटलं मामांनी पुन्हा सुरू केलं. म्हणून क्रॉप केलं."

मी मामांना फोन लावला. म्हटलं, मी खरा तिथं होतो, मूळ फोटो पाठवा.

"मूळच पाठवला होता सर," मामा म्हणाले. "हात न लावता. म्हनून तर कच्चा दिसला. थांबा, आता जरा नीट बसवून धाडतो."

दहा मिनिटांत फोटो आला. डोळे उघडे, हात पूर्ण, सावली जागेवर, अंगात निळा, बारीक रेघांचा कोट. डेस्कने तो काही न विचारता लावला.